कुत्र्याचा कान बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा बिघडतो: नेमकं चुकतं कुठे?

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला फटफट आवाज यायचा. बंड्या मान झटकायचा, लोंबते कान गालांवर आपटायचे, मग मागचा पाय उचलून कान खाजवणं आणि खाजवता खाजवता बारीक कण्हणं. सकाळी कानाची पाळी उलटी करून पाहिली की आत लालबुंद कातडी, तपकिरी चिकट मळ आणि तो कुबट, आंबूस वास. डॉक्टरांकडे न्यायचं, ड्रॉप्स आणायचे, आठवड्याभरात कान छान. कधी काही आठवडे, कधी काही महिने गेले की पुन्हा फटफट. दीड वर्षात हे ६ वेळा झालं.

तोवर मला वाटायचं, औषध कमजोर आहे. दर वेळी मी डॉक्टरांना म्हणायचे, "या वेळी जरा स्ट्राँग द्या." खरं तर औषध आपलं काम करत होतं. कानात वाढलेली यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, प्रत्येक वेळी मरत होती. पण तिला वाढायला जागा कशामुळे मिळते आहे, हे कुणी पाहिलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. वारंवार बिघडणाऱ्या कानात जंतुसंसर्ग हा साखळीतला शेवटचा दुवा असतो. त्याच्या आधीचे दुवे शोधल्याशिवाय कितीही बाटल्या संपवल्या तरी कान शांत राहत नाही.

तुमच्या कुत्र्याला हा त्रास पहिल्यांदाच झाला असेल तर फार खोलात जायची गरज नाही. तपासणी करून घ्या, औषध पूर्ण करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पुढचं सगळं तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या वेळी वैतागलेल्यांसाठी आहे.

आधी हे बघा, यात थांबायचं नसतं

मान एका बाजूला कलली आहे, चालताना झोक जातो, कुत्रा गोल गोल फिरतो, बुबुळं डावी-उजवीकडे थरथरतात, एका बाजूचा ओठ लोंबतो किंवा पापणी मिटत नाही, जबडा उघडताना किंचाळतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर त्रास बाहेरच्या कानापुरता राहिलेला नाही, तो मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत पोचलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गवतात खेळून आल्यावर अचानक एकाच कानासाठी वेड्यासारखी मान झटकायला लागला, तर कुसळ गेल्याचा संशय घ्या. कुसळाची ठेवणच अशी असते की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कानाच्या पडद्यापर्यंत जाऊन तो फाडूही शकतं. घरी चिमटा घालू नका.

आणि पाळी एकाएकी उशीसारखी फुगली, तर सतत मान झटकून आणि खाजवून पाळीतली रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचलेलं असतं. त्यावर उपचार आहेत, पण फक्त पाळीचे उपचार करून कानातली खाज तशीच सोडली तर पाळी पुन्हा फुगते.

नळी काटकोनात वळते, तिथेच सगळं अडतं

माणसाच्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात वळून आत जाते. त्या आडव्या भागाच्या शेवटी पडदा. आपण पाळी उलटून जे बघतो ते फक्त वरचं तोंड. ते स्वच्छ दिसलं म्हणून वळणापलीकडे स्वच्छ आहे असं अजिबात नाही. मी दीड वर्ष हीच चूक केली.

निरोगी कान स्वतःची सफाई स्वतः करतो. पडद्यापासून बाहेरच्या दिशेने कातडीच्या पेशी अगदी सावकाश सरकत असतात आणि मळ आपल्याबरोबर बाहेर आणतात, एखाद्या सरकत्या पट्ट्यासारख्या. कातडीला सूज आली की हा पट्टा बंद पडतो. मेणाच्या ग्रंथी जास्त स्राव सोडायला लागतात, नळी आतून जाड होऊन अरुंद होते, हवा खेळत नाही. यीस्ट आणि काही जिवाणू निरोगी कानातही थोड्या संख्येने राहतातच. त्यांना ऊब, ओल आणि तेल एकदम मिळालं की ते बेसुमार वाढतात. त्यांच्यामुळे सूज आणखी वाढते आणि नळी आणखी अरुंद होते. पहिली सूज कशाने आली हे या चक्रात हरवून जातं.

एक साधी तपासणी घरीही करता येते. पाळीच्या बुडाशी, गालाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये नळी हलकेच चाचपा. चांगल्या कानात ती मऊ असते, दाबली की दबते. वारंवार बिघडलेल्या कानात ती घट्ट, जाड लागते आणि फार जुन्या दुखण्यात तर पेन्सिल धरल्यासारखी टणक. कुत्रा हात लावू देत नसेल तर आग्रह करू नका, तेही एक उत्तरच आहे. हे चाचपणं महिन्यातून एकदा करायची सवय लावली तर बदल लवकर कळतो.

वासावरून औषध ठरत नाही

कानातला मळ तपकिरी आहे म्हणजे यीस्ट, पिवळा आहे म्हणजे पू, काळा कोरडा आहे म्हणजे किडे, असं पुष्कळ जण सांगतात. अंदाज म्हणून ठीक, पण त्यावर उपचार उभे करू नयेत. डॉक्टरांना एवढंच विचारा: "स्वॅब घेऊन स्लाइड बघाल का?" कापसाच्या काडीने कानातला थोडा मळ घ्यायचा, काचपट्टीवर हलकेच फिरवायचा, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. काही मिनिटांचं काम.

सहाव्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला बोलावलं. डाव्या कानाच्या स्लाइडवर जांभळे, बुटाच्या ठशासारखे असंख्य आकार दिसत होते, मधून किंचित आवळलेले. ती यीस्ट, मॅलेसेझिया. मग त्यांनी उजव्या कानाची स्लाइड लावली. तिच्यावर ठसे मोजकेच होते आणि मध्ये बारीक काड्यांसारखे जिवाणू पसरले होते. एकाच कुत्र्याच्या दोन कानांत दोन वेगळी दुखणी, आणि आम्ही दोन्हींत एकच बाटली ओतत होतो.

गोल ठिपक्यांसारखे जिवाणू दिसले तर ते बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात आणि नेहमीच्या औषधांना बऱ्याचदा दाद देतात. काड्यांसारखे दिसले की सावध व्हायचं. त्यात स्युडोमोनास असू शकतो आणि तो चिवट असतो. स्वतःभोवती चिकट थर तयार करून त्यात लपून राहतो, बऱ्याच अँटिबायोटिक्सना जुमानत नाही, कानात जखमा करतो. कान खूप दुखतो आणि पू येतो. अशा वेळी, किंवा चालू औषधाने फरक पडत नसेल तेव्हा, कल्चर करून, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कुठलं औषध लागू पडेल ते बघावं लागतं. प्रत्येक कानाची स्लाइड वेगळी हवी, आणि उपचार संपताना पुन्हा एकदा हवी.

स्लाइडबरोबर ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, पडदा शाबूत आहे का हेही बघायला हवं. काही औषधं, उदाहरणार्थ जेंटामायसिन, आणि काही धुण्याची द्रावणं फाटलेल्या पडद्यातून आत गेली तर ऐकू येण्यावर आणि तोलावर परिणाम करू शकतात. नळी इतकी सुजलेली असेल की पडदा दिसतच नाही, तर डॉक्टर आधी काही दिवस सूज उतरवायच्या गोळ्या देतात आणि मग पुन्हा बघतात. या थांबण्याचा मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, तीच सगळ्यात शहाणी पायरी होती.

म्हणूनच मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली परस्पर वापरू नका आणि माणसांचे कानाचे ड्रॉप्स तर नकोतच. मागच्या वेळी कानात काय होतं आणि आज काय आहे हे वेगळं असू शकतं, पडद्याची आजची स्थितीही माहीत नसते.

औषध बरोबर, पण पोचत नाही

"रोज दोनदा ३-४ थेंब" या सूचनेत फार गडबड होते. मोठ्या कुत्र्याच्या नळीची लांबी ५ ते १० सेंटीमीटर असते. ३-४ थेंब वरच्या केसांत आणि मळातच मुरतात, वळण ओलांडून खाली जातच नाहीत. डॉक्टरांना विचारा, थेंबांत नको, मिलिलिटरमध्ये किती घालू? बंड्या लॅब्राडोर, वजन ३२ किलो. त्याला एका कानात एका वेळी १ मिलिलिटर सांगितलं. मी तोपर्यंत त्याच्या जेमतेम पाव भाग घालत होते. सुई नसलेल्या छोट्या सिरिंजने मोजून घेतलं की अंदाजपंचे राहत नाही. तुमच्या कुत्र्याचं माप अर्थातच तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं.

दुसरी चूक म्हणजे लवकर थांबणं. चौथ्या दिवशी वास जातो, सहाव्या दिवशी खाज थांबते, आणि आपण बाटली फ्रिजच्या डोक्यावर ठेवून देतो. आडव्या भागातले जंतू तेव्हा कमी झालेले असतात, संपलेले नसतात. साध्या यीस्टलाही २ ते ४ आठवडे लागू शकतात. चिवट जिवाणू किंवा मधला कान असेल तर त्याहून कितीतरी जास्त. थांबायचं कधी, हे वासावरून ठरवायचं नाही. स्लाइड स्वच्छ आली आणि नळीची सूज उतरली की थांबायचं.

गोळ्यांबद्दलही विचारणा होते. बाहेरच्या कानाच्या संसर्गात तोंडावाटे दिलेलं अँटिबायोटिक नळीच्या पोकळीत फार कमी पोचतं. कानात थेट घातलेलं औषध तिथे कित्येक पटींनी जास्त मात्रेत असतं. त्यामुळे ड्रॉप्स टाळून गोळ्यांवर काम भागेल असं समजू नका. सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, बंद झालेली नळी उघडायला त्या खरोखर उपयोगी पडतात. "स्टिरॉइड नको हो डॉक्टर" असं म्हणणारे मी पुष्कळ ऐकलेत. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं स्टिरॉइड कधीकधी नळी वाचवतं.

कुत्रा हातच लावू देत नसेल तर डॉक्टर स्वतः कानात भरतात अशी, काही आठवडे टिकणारी औषधंही असतात. ती भरल्यावर मधल्या काळात कान धुवायचा नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. आणि भरल्या भरल्या कुत्रा मान झटकतो तेव्हा औषध त्याच्या किंवा तुमच्या डोळ्यात उडणार नाही याची काळजी घ्या.

धुण्याबद्दल जरा सविस्तर

मळाच्या थराखाली औषध पोचत नाही आणि पू असेल तर काही औषधं निकामीच होतात. म्हणून औषधाआधी धुणं. पण चुकीचं धुणं हेसुद्धा कान बिघडण्याचं एक कारण आहे.

इअरबड वापरू नका. ती काडी मळ बाहेर काढत नाही, वळणापाशी ठासून बसवते. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर हे सुजलेल्या कातडीवर झोंबतं, आणि एकदा झोंबलं की पुढच्या वेळी कुत्रा बाटली बघूनच पळतो. साधं पाणीही नको, ते आत साठतं. कुत्र्यांच्या कानासाठीचंच क्लीनर वापरा, आणि कुठलं ते डॉक्टरांना विचारा, कारण यीस्टसाठीचं, तेलकट मळासाठीचं आणि चिवट जिवाणूंसाठीचं वेगळं असतं. स्युडोमोनास असेल तर ट्रिस-ईडीटीए असलेलं द्रावण देतात. ते जिवाणूचं बाहेरचं कवच कमकुवत करतं आणि त्यानंतर घातलेलं औषध जास्त लागू पडतं.

आमच्याकडे धुणं असं चालतं. बंड्याला कोपऱ्यात बसवते, म्हणजे मागे सरकता येत नाही. बाटली आधी थोडा वेळ मुठीत धरून कोमट करते. थंडगार द्रावण कानात गेलं की कुणीही दचकेल. पाळी वर उचलून नळी सरळ करायची आणि तोंड भरेपर्यंत द्रावण ओतायचं, पण बाटलीचं टोक कानाला टेकवायचं नाही. मग पाळी खाली सोडून कानाच्या बुडाशी बोटांनी चोळायचं, अर्धा मिनिट तरी. आतून पच पच असा आवाज आला पाहिजे. तो आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचलं. बंड्या या वेळी डोळे मिटून मान माझ्या हातावर टाकतो, कारण खाजणारी जागा कुणीतरी चोळून देतंय. पूर्वी कान दुखायचा तेव्हा याच क्षणी तो गुरगुरायचा. कान बरा होतोय हे मला त्या बदलावरून कळलं.

मग हात सोडायचा आणि तोंड बाजूला करायचं. तो मान झटकतो आणि खालचा मळ वर उडतो. बोटाला गॉज किंवा कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच आत पुसायचं. त्यापुढे काही नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग औषध. दुसऱ्या कानाला नवा कापूस.

किती वेळा? उपचार चालू असताना डॉक्टर सांगतील तसं. बरा झाल्यावर आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी. पूर्णपणे निरोगी, कधीच न बिघडलेला कान रोज धुवायला जाऊ नका, सततच्या ओलीने कातडी भिजून सैल पडते. कानातले केस उपटण्याचंही तसंच. काही जातींच्या कुत्र्यांच्या नळीत दाट केस असतात, पण कान ठणठणीत असेल तर ते उपटल्याने उगाच दाह होतो. केसांमुळे औषध पोचत नसेल किंवा मळ अडकत असेल तेव्हा विचार करावा. पोहणाऱ्या कुत्र्याला मात्र पोहून आल्यावर कान कोरडा करणारं क्लीनर जरूर वापरा.

मूळ कुठे आहे?

दोन्ही कान वारंवार बिघडतात का एकच? हा प्रश्न स्वतःला सगळ्यात आधी विचारा. एकच कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर त्या कानात काहीतरी अडकलंय का, कुसळ, गाठ, पॉलिप (मांसल वाढ), हे बघावं लागतं, विशेषतः वय झालेल्या कुत्र्यात. दोन्ही बिघडत असतील तर संशयाची सुई ॲलर्जीकडे वळते. कुत्र्यांच्या वारंवारच्या कानदुखीमागे सगळ्यात जास्त वेळा ॲलर्जीच निघते.

कानाची नळी म्हणजे शेवटी कातडीच, आत वळलेली. अंगाच्या कातडीला जी ॲलर्जी आहे ती कानालाही आहे. काही कुत्र्यांत तर बराच काळ ती फक्त कानातच दिसते.

सहाव्या वेळच्या डॉक्टरांनी कान बघायच्या आधी बंड्याचा पंजा उचलला आणि बोटं फाकवली. बोटांच्या मधले पांढुरके केस गंजल्यासारखे तांबूस झाले होते. त्यांनी विचारलं, "पंजे चाटतो ना हा?" चाटायचा, रोज संध्याकाळी, अर्धा अर्धा तास. आम्हाला ती त्याची सवय वाटायची. लाळेने केस तांबडे होतात. मग त्यांनी पोट, काखा, तोंडाभोवतीची कातडी बघितली. तिथेही थोडी लाली. दीड वर्ष आम्ही कान दाखवत होतो, आणि उत्तर पंजांवर लिहिलेलं होतं. तुम्हीही आज बघा: पंजे चाटणं, तोंड गालिच्यावर घासणं, पोट खाजवणं, ढुंगण घासणं. यातलं काही असेल तर पुढच्या भेटीत न विचारताही सांगा.

ॲलर्जी दोन प्रकारांत मोडते, आणि कधीकधी दोन्ही एकत्र असतात. हवेतल्या गोष्टींची, म्हणजे परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, आणि अन्नाची. अन्नाची ॲलर्जी ओळखायला रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. ठेवता येतो तो आहार-चाचणीवर. कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेल्या प्रथिनांचं, किंवा ज्यातली प्रथिनं बारीक तोडलेली आहेत असं हायड्रोलाइझ्ड अन्न, कमीत कमी ८ आठवडे. त्या काळात तोंडात दुसरं काहीही नाही. बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, ताटातला घास नाही, चव लावलेली गोळी नाही. घरात सगळ्यांना हे सांगावं लागतं, पाहुण्यांनाही. आठव्या आठवड्यात एक घास दिला तर अख्खी चाचणी वाया जाऊ शकते. सुधारणा झाली तरी चाचणी तिथे संपत नाही. जुनं अन्न पुन्हा सुरू करून बघायचं. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, खाज परतली की ठरलं. हा शेवटचा टप्पा बरेच जण गाळतात, कारण बरा झालेला कुत्रा पुन्हा बिघडवायचं धाडस होत नाही. पण तो गाळला तर सुधारणा अन्नाने झाली की चालू असलेल्या औषधाने, हे कळत नाही आणि कुत्रा उगाच जन्मभर बंधनात राहतो.

बंड्याने ८ आठवडे नेटाने काढले आणि फरक पडला नाही. तेव्हा मी रडले होते. डॉक्टर म्हणाल्या, "आपला एक रस्ता बंद झाला, म्हणजे दुसरा बरोबर आहे." त्याची ॲलर्जी हवेतल्या गोष्टींची ठरली, म्हणजे ॲटोपी. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवता येते. खाज आटोक्यात ठेवणारी औषधं, म्हणजे ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, सायक्लोस्पोरिन, किंवा ॲलर्जीविरुद्ध हळूहळू सवय लावणारी इम्युनोथेरपी, असे पर्याय आहेत. आणि कानासाठी एक गोष्ट फार कामाची: कान शांत असतानाही आठवड्यातून दोन दिवस सौम्य स्टिरॉइड असलेले ड्रॉप्स, डॉक्टरांच्या सल्ल्याने. सूजच येऊ दिली नाही तर यीस्टला वाढायला जागा मिळत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. कानातले किडे, ओटोडेक्टिस, पिल्लांमध्ये जास्त दिसतात. मळ काळपट, कोरडा, कॉफीच्या चोथ्यासारखा. ते संसर्गजन्य आहेत, म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात, नाहीतर ते फिरत राहतात. मध्यमवयीन कुत्र्याचे कान अचानक बिघडायला लागले, वजन वाढलं, केस विरळ झाले, सुस्ती आली तर थायरॉइड तपासा. तहान आणि लघवी वाढली असेल तर कुशिंग्ज, हा हॉर्मोनचा आजार. जातही महत्त्वाची. ब्रिटनमधल्या २२,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात साधारण ७ टक्के कुत्र्यांना बाहेरच्या कानाचा दाह झालेला आढळला. बॅसेट हाउंड, शार-पेई, लॅब्राडूडल, बीगल आणि गोल्डन रिट्रीव्हर यांत धोका जास्त होता. पण लोंबता कान हे एकटं कारण पुरत नाही. लोंबत्या कानाचे कितीतरी कुत्रे आयुष्यभर ठणठणीत असतात. ती फक्त अनुकूल जमीन आहे, बी दुसरंच असतं.

सगळं बरोबर करूनही थांबत नसेल तर

मधला कान बघा. जुनाट दुखण्यात पडद्यामागच्या हाडाच्या पोकळीत पू साचून राहतो आणि तिथून तो पुन्हा पुन्हा बाहेर येत राहतो. पडदा कधीकधी पुन्हा भरून आलेला असतो, म्हणून बाहेरून शाबूत दिसतो. अशा वेळी सीटी स्कॅन, भूल देऊन कान आतून नीट धुणं, तिथल्या पुवाचं कल्चर, असं करावं लागतं. भूल म्हटलं की पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण जाग्या कुत्र्याच्या दुखऱ्या कानात खोलवर धुणं शक्य नसतं.

नळी हाडासारखी कडक होऊन बंदच झाली असेल, तर मग ड्रॉप्स जायला वाटच उरत नाही. तेव्हा सगळी नळी काढून मधल्या कानाची पोकळी साफ करण्याची मोठी शस्त्रक्रिया सुचवतात. त्या बाजूचं ऐकू येणं बऱ्याच अंशी जातं आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून ती सरावलेल्या सर्जननेच करावी. इतक्या टोकाला पोचलेला कुत्रा आधीच नीट ऐकत नसतो आणि रोज दुखण्यात असतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत तो पुन्हा खेळायला लागलेला बघितलेले लोक मला भेटलेत. त्यांची खंत एकच होती, एक वर्ष आधी केली असती तर बरं झालं असतं.

बंड्या त्या वाटेपर्यंत गेला नाही. गेल्या वर्षभरात त्याचा कान एकदाच बिघडला, उजवा, आणि दोन आठवड्यांत आवरला. दर रविवारी मी पाळी उलटून बघते, वास घेते, बुडाशी चाचपते आणि वहीत एक ओळ लिहिते: तारीख, कुठला कान, लाली, पंजे चाटले का, पोहला का. जुन्या नोंदी चाळल्यावरच कळलं की कान बिघडायच्या साधारण दहा दिवस आधी पंजे चाटणं वाढतं. आता ते वाढलं की मी कानाची वाट बघत नाही, डॉक्टरांना फोन करते.

तुम्ही पुढच्या भेटीला जाल तेव्हा वापरलेल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या, अगदी रिकाम्या सुद्धा. कुठली किती दिवस वापरली आणि तिने काय झालं, ते लिहून न्या. पंजे आणि पोट दाखवा. आणि त्या दिवशी सकाळी लाज वाटून कान धुऊन नेऊ नका, नाहीतर स्लाइडवर बघायला काही उरत नाही.